परक्या लोकांची गल्ली

गाव सोडून कुठं जायचं, हे आमच्या घरात नवऱ्यानं ठरवलं नाही आणि मीही ठरवलं नाही. ते सासूनं ठरवलं. तिला मी आत्याबाई म्हणायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण माणूस असं न्याहाळायची की समोरच्यानं नजर चोरावी. इतकं पाहून-पारखून तिनं गाव निवडलं, गल्ली निवडली, आणि तिथंच ती फसली. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर तेही फसलं असतं, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. तेव्हा मी तिच्यावर फार चिडले होते.

आत्याबाई गावची सुईण. तिची सासूही सुईण होती. आमच्या घराला ते काम गावानंच लावून दिलेलं होतं, आवडीचा प्रश्नच नव्हता. कोणाच्या घरी बाईला कळा लागल्या की आमच्या दारात हाक यायची. बाळंतपण करायचं, नाळ कापायची, वार मडक्यात घालून गावाबाहेर पुरायची आणि सुपातलं धान्य पदरात घेऊन मागच्या दारानं निघून यायचं. बाकी सारं घरच्या बाया करायच्या. पाणी तापवायच्या, कंबर धरायच्या, अंगारे लावायच्या. नाळेला मात्र कोणी हात लावत नसे. तो विटाळ, आणि विटाळ आमच्या वाट्याचा. सून घरात रुळली की काम तिच्याकडे जायचं. म्हणजे माझ्याकडे येणार होतं.

छप्पनच्या दसऱ्याला आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. परत आल्यावर आत्याबाई ओट्यावर बसली आणि पाय न धुताच म्हणाली, "आजपासून मी कोनाची नाळ कापनार नाही. अन् हे पोरगी तर शिकनारच नाही."

हे पोरगी म्हणजे मी. मी चुलीपाशी भाकर थापत होते. खरं सांगते, तोवर मी त्या बाईला नुसती भीत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिची माया आली.

गावानं आम्हाला मारलं नाही, शिवीगाळही केली नाही. पाटलाच्या घरून निरोप आला, आत्याबाई गेली नाही. पुन्हा आला, तिनं आतून कडी लावून घेतली. त्यांनी दुसऱ्या गावाहून बाई आणली, सारं सुखरूप झालं. आम्हाला वाटलं, झालं, मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापाशी मडकं. वर फडकं बांधलेलं. आत काय आहे ते आत्याबाईला न उघडताच कळलं. आमच्या ह्यांनी ते नाल्याकाठी नेऊन पुरलं, कारण तसंच ठेवलं तर कुत्री ओढणार.

मग ते चालूच राहिलं. गावात कुठंही मूल झालं की सकाळी आमच्या दारात मडकं. कोण ठेवून जातं ते कधी दिसलं नाही. रस्त्यानं जाताना लोक नेहमीसारखे बोलायचे, "काय वो बुढे, तब्येत बरी आहे ना?" विचारायचे. तोंडावर सगळं गोड. पण गावात कोणाचं पोट दिसू लागलं की आम्ही महिने मोजायला लागायचो. आणि अशातच मला दिवस गेले.

आत्याबाई एक दिवस माझ्याकडे बघत राहिली आणि लेकाला म्हणाली, "हिचं बाळंतपन या गावात नाही करत मी. गाव पाह्य दुसरं."

हे म्हणाले, "कोनतं पाहू?"

"तू नको पाहू. तुले नाही समजत. मी पाह्यते."

मग आम्ही दोघी सासू-सुना बाजाराच्या दिवशी गावं पाहत फिरलो. लोक बैल पाहायला जातात, आम्ही गाव पाहायला जायचो. आत्याबाई विहीर पाहायची नाही, शाळा पाहायची नाही, दवाखान्याचं नाव मी काढलं तर "हं" म्हणायची. ती फक्त लोक काय विचारतात ते ऐकायची.

आर्णीच्या बाजारात वांगी घेताना भाजीवालीनं विचारलं, "कोन्या गावचे वो तुमी?" आत्याबाईनं सांगितलं. बाई लगेच म्हणाली, "त्या गावची ते सुईन काम सोडून बसली म्हंतात, ते तुमच्याच घराजवळ राह्यते काय?" आत्याबाईनं निवडलेली वांगी परत टोपलीत ठेवली आणि माझा दंड धरून चालायला लागली. बस येईपर्यंत तिनं माझा दंड सोडला नाही.

ढाणकीला तिची बहीण होती. तिथं आपल्या लोकांची वस्ती मोठी. बहिणीनं भिंतीला भिंत लावून खोली काढून द्यायची तयारी दाखवली. मला ती वस्ती फार आवडली. बाया संध्याकाळी एकत्र बसत, पंचशील म्हणत, कोणाला काही सांगावं लागत नसे. मी मनातल्या मनात चूल कुठं मांडायची तेही ठरवून टाकलं. तेवढ्यात वस्तीच्या तोंडाशी एक माणूस येऊन उभा राहिला आणि नुसतं "ए, कोन आहे तिकडे?" असं ओरडला. कोणी गेलं नाही. तो थोडा वेळ थांबला आणि निघून गेला.

परत येताना आत्याबाई म्हणाली, "नाही. इथं नाही राह्यचं."

"काहून? कोनी गेलं का त्याच्याकडं? आपले लोक आहेत ना सारे."

"म्हनूनच. आपन सारे एका जागी राह्यलो तं काम घेऊन येनाऱ्याले पत्ता शोधा लागत नाही."

मी भांडले तिच्याशी. आपल्या माणसांत राहायचं नाही तर कशाला ही दीक्षा, असंही बोलून बसले. ती पुढं होऊन चालायला लागली. बोलणं संपवायची तिची रीतच ती होती, आणि तिचा मला भारी राग यायचा.

शेवटी दिग्रस ठरलं. आमच्या ह्यांना तिथं जिनिंगमध्ये कापसातली सरकी काढणाऱ्या रेच्यावर काम मिळालं. जिनाच्या मागं एक गल्ली होती आणि त्या गल्लीत मूळ दिग्रसचं एकही घर नव्हतं. एक घर सिंध सोडून आलेल्यांचं. ते बाजारात कापडाचं दुकान लावत. एक गवंडी तेलंगणातला, घरात तेलगू बोलायचा. पलीकडे बऱ्हाणपूरकडचा पिंजारी, गाद्या भरणारा. त्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज दिवसभर चालायचा. त्या गल्लीत सगळे मोडकंतोडकं हिंदी बोलत आणि एकमेकांच्या बोलण्यावर हसत.

आम्ही सामान उतरवत होतो तेव्हा सिंध्यांच्या घरची म्हातारी बाहेर आली. तिला सारी गल्ली अम्मा म्हणे. तिनं विचारलं, "कहाँ से आए?"

आत्याबाईनं गावाचं नाव सांगितलं. अम्मानं मान हलवली, तांब्याभर पाणी आणून दिलं आणि आत गेली. बस, एवढंच.

आत्याबाई तांब्या हातात धरून बसून राहिली. मग मला म्हणाली, "पाह्यलं? 'कुठून आले' इचारलं. 'कोन आहे' नाही इचारलं. इथं सारेच परके. कोनाचं काम कोनाच्या गळ्यात बांधलेलं नाही." तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी आधी कधी पाहिलं नव्हतं. माझंही मन भरून आलं. ढाणकीचं सारं मी विसरून गेले.

पहिले दिवस चांगले गेले. कोणी आमच्या घरचं पाणी नाकारलं नाही. गवंड्याची बायको आमच्या चुलीवरून विस्तव घेऊन जायची. पिंजारीण मला आंबट काही केलं की आणून द्यायची. आत्याबाईनं मला एवढंच बजावून ठेवलं होतं, "मी काय करत होती ते इथं सांगू नको. नवऱ्यालेबी सांगू देऊ नको."

पण एक गोष्ट मला टोचत होती. अम्माची सूनही पोटुशी होती, माझ्या पुढं दोन-अडीच महिने. ती बाहेर उन्हात बसली की आत्याबाई आपली नजर दुसरीकडं वळवायची. सहज नाही, जोर लावून वळवायची. एकदा ती सून ओट्यावरून उठताना कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि मी पाहिलं, आत्याबाईचे हात मांडीवर आपोआप हलले. तिनं ते पदराखाली घेतले. त्या रात्री तिनं नीट जेवण केलं नाही.

अम्मानं तयारी करून ठेवली होती. सरकारी दवाखान्यातली नर्सबाई येणार होती, आणि ती नाहीच आली तर गावातली एक दाई सांगून ठेवली होती. मी आत्याबाईला म्हणाले, "त्यांचं सारं ठरलेलं आहे, तुमी कायले जीव जाळून राह्यल्या?" ती म्हणाली, "पोट खाली उतरलं नाही अजून तिचं."

पौषातल्या थंडीत, भर दुपारी, त्या सुनेला कळा सुरू झाल्या. गल्लीतले पुरुष कामावर. अम्माचा लेक दुकान टाकून नर्सबाईकडे धावला, ती खेड्यावर गेलेली. दाईकडे गेला, ती लेकीकडे कारंज्याला गेलेली. तो तसाच सायकल घेऊन दारव्ह्याच्या रस्त्याला लागला, कोणी मिळतं का बघायला.

आमची भिंत आणि त्यांची भिंत एकच. आत्याबाई तूर निवडत होती. भिंतीपलीकडून आवाज येत होता. ती तूर निवडतच होती, पण खडे आणि दाणे एकाच ढिगात टाकत होती. मी पाहत होते. मनात दोन्ही होतं. ही उठली तर संपलं, आणि ही उठली नाही तरी संपलं.

मग पलीकडचा आवाज बारीक झाला. आत्याबाईनं सूप बाजूला केलं.

"मी शेजारीन म्हनून जाऊन राह्यली," ती म्हणाली. मला म्हणाली की स्वतःलाच, कोण जाणे. "दाई म्हनून नाही. तू येऊ नको."

मी गेले नाही आधी. पिंजारीण आणि गवंड्याची बायको दाराशी उभ्या होत्या, त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. आतून आत्याबाईचा आवाज येत होता, हळू, एकसुरी. तो आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. बराच वेळ गेला. मग अम्मानं गरम पाणी मागितलं आणि ते घेऊन मी आत गेले. पोटुशी बाई आत जात नाही, हे मला माहीत होतं. त्या घाईत कोणी अडवलं नाही.

मूल झालेलं होतं. मुलगा. आत्याबाईनं सगळं केलं होतं. वार पडली होती, नाळेला दोन ठिकाणी दोरा घट्ट बांधलेला होता, उकळलेलं ब्लेड ताटलीत ठेवलं होतं. मूल पोत्यावर, उघडं, निळसर पडलं होतं. रडत नव्हतं, नुसतं तोंड हलवत होतं.

आत्याबाई अम्माला म्हणाली, "बांधून देल्लं मी. आता तुमी कापा."

अम्मानं हात मागे घेतले. "मैं नहीं काट सकती, बहन. घर का आदमी काटे तो बच्चे से रिश्ता कट जाता है. बाहर का हाथ चाहिए." ती त्या घरची समजूत होती. साऱ्या सिंधी लोकांत तशी होती की नाही, मला माहीत नाही. पण ती खोटं बोलत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते आणि तिला त्या मुलाला उचलायचं होतं, ते दिसत होतं.

"तू काट ना," ती आत्याबाईला म्हणाली. "तेरे को तो आता है. तू दाई है ना?"

"मी दाई नाही. शेजारीन आहे."

अम्मानं दाराकडं पाहिलं. पिंजारीण म्हणाली की त्यांच्यात वेगळी बाई येते या कामाला. गवंड्याच्या बायकोनं आपल्या भाषेत काही म्हटलं आणि एक पाऊल मागे सरकली. आपापला मुलूख सोडून आलेल्या बाया त्या. घर, जमीन, भांडी, माणसं मागे टाकून आलेल्या. आणि तरी प्रत्येकीनं एक गोष्ट जपून बरोबर आणली होती. या एका कामाला दुसरं कोणी तरी लागतं, ही.

दोघी म्हाताऱ्या मुलाच्या दोन बाजूंना बसलेल्या. एक आपल्या शब्दाला चिकटलेली, दुसरी आपल्या समजुतीला. मुलाच्या पायांची बोटं काळसर पडायला लागली होती. नाळ सुटेपर्यंत त्याला कोणी गुंडाळून जवळ घेईना. मला दोघींचाही असा संताप आला की कानशिलं तापली. मी खाली बसले, ब्लेड उचललं आणि दोन्ही दोऱ्यांच्या मधून नाळ कापली. ती कापायला वाटते त्यापेक्षा चिवट असते.

मग अम्मानं पोराला उचललं, छातीशी धरलं, लुगड्यात गुंडाळलं, चोळलं. थोड्या वेळानं ते रडलं. गल्लीत सगळ्यांनी ते रडणं ऐकलं असेल. अम्मा माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि तिच्या भाषेत काही तरी म्हणत होती. मी आत्याबाईकडे पाहिलं. ती माझ्या हाताकडं पाहत होती.

घरी आल्यावर तिनं मला हात धुवायला पाणी ओतलं. स्वतः ओतलं, तांब्यामागून तांब्या. मग म्हणाली, "गाव कायले सोडलं मी?"

मी पदराला हात पुसू लागले.

"ढानकीले बहीन होती माही. तिचं घर सोडलं. कायले? तुह्याच हातासाठी ना."

"मंग लेकरू मरू द्याचं होतं?"

तिनं तांब्या खाली ठेवला. "मले नाही समजत," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे शब्द मी आयुष्यात तेवढ्याच वेळी ऐकले.

दुसऱ्या दिवशी अम्माच्या घरून सूप आलं. गहू, नारळ, वर नवं हिरवं लुगडं. फार प्रेमानं पाठवलेलं होतं. अम्माची मोठी नात घेऊन आली आणि तिनं ते आत न आणता उंबऱ्याबाहेर ठेवलं. आत्याबाईनं विचारलं, "आत काहून नाही आनत बाई?" पोरगी म्हणाली, "दादी ने बोला, काटनेवाली का बाहर रखते हैं." त्यात आपण काही वाईट सांगतो आहोत असं तिला वाटलंच नाही. हसत पळून गेली. अम्मा आमच्या घरचं पाणी पूर्वीसारखंच पीत राहिली, असं मी म्हणणार होते, पण नाही. आठवून पाहिलं तर त्यानंतर ती आमच्याकडे पाणी प्यायल्याचं मला आठवत नाही. भांडण नाही, बोलणं कमी नाही. नुसती तहान लागायची बंद झाली.

पुढं गवंड्याच्या घरून बोलावणं आलं, त्याच्या बहिणीसाठी. बाळंतपण नर्सबाईनंच केलं होतं आणि नर्सबाई नाळही कापायला तयार होती. पण त्यांना मीच हवी होते. नर्सबाईनं कापली तर गल्लीत चालणार नाही, असं कोणी म्हटलं नाही. "तुम्हारी बहू का हाथ अच्छा है," एवढंच म्हणाले. आत्याबाईनं दारात उभं राहून नाही सांगितलं. ते लोक नम्रपणे हसले, गेले, आणि थोड्या वेळानं पुन्हा आले. मी गेले नाही. शेवटी नर्सबाईनंच नाळ कापली. मग गवंड्याची बायको विस्तव न्यायला येईनाशी झाली. पिंजारणीचं आंबट बंद झालं. मडकं कोणी ठेवलं नाही. तशी ती माणसं नव्हती. पण मी आणि आत्याबाई रोज सकाळी दार उघडण्याआधी क्षणभर थांबायचो, दोघीही, आणि एकमेकींकडे बघायचो नाही.

हे म्हणाले, "दुसरं गाव पाहाचं काय? पुसद आहे, यवतमाळ आहे."

आत्याबाई म्हणाली, "कोनतं पाह्यशीन? जिथं आपल्याले ओळखतात तिथं जुनं काम येते. जिथं नाही ओळखत तिथं ते नव्यानं तयार होते." मग तिनं कुठल्याच गावाचं नाव काढू दिलं नाही. मला तेव्हा तिच्या या बोलण्याची भीती वाटली. नाही म्हणण्याची सवय असलेली बाई खचली की घरात अंधार होतो.

उन्हाळा लागता लागता मला मुलगी झाली. आत्याबाईनंच केलं सगळं. दोरा बांधला आणि दार उघडून लेकाला आत बोलावलं. पुरुषाला आत बोलावलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ब्लेड त्याच्या हातात देऊन म्हणाली, "काप. आपल्या घरचं आपन कापाचं." ह्यांनी कापली. बाप पोरीपासून तुटला नाही. आत्याबाई मग भिंतीला टेकून बसली आणि पहिल्यांदा रडली. मला वाटलं, संपलं आता. इथून पुढं आमच्या घरात हे नाही.

बाराव्या दिवशी गल्लीतल्या बाया आल्या. आधीचं सगळं विसरून आल्या, मोकळेपणानं. गवंड्याच्या बायकोनं टोपडं आणलं, पिंजारणीनं छोटी गादी भरून आणली, मऊ कापसाची. अम्मा आपल्या नातवाला कडेवर घेऊन आली. तो चांगला बाळसेदार झाला होता. पोरगी माझ्या मांडीवर होती. अम्मानं तिची मूठ उघडून पाहिली, बोटं एकेक सरळ केली, आणि खूप समाधानानं बायांकडे वळून म्हणाली, "अच्छा हुआ, लड़की हुई. गल्ली को आगे की फिकर नहीं."

बाया हसल्या, माना डोलावल्या. आत्याबाई उठली, माझ्या मांडीवरून पोरीला उचललं, आत नेलं आणि दार लावून घेतलं.